पोळ्याचा पहिला मान

"हानिकारक पदार्थ," नंदितानं पुन्हा वाचलं, आणि राजलक्ष्मीच्या कपाळाची शीर पुन्हा उडाली.

पोलिसांचा कागद तमिळमध्ये होता, नंदिता तो मराठीत सांगत होती, आणि दोन्ही भाषांत तो सारखाच झोंबत होता. सर्जेरावांच्या घरच्या पुरणपोळीला आजवर कुणी जड म्हटलं होतं, कुणी गूळ कमी म्हटलं होतं. एका व्याह्यानं तर ‘दात नसलेल्याला फार सोयीची’ असं म्हणून स्वतःची किंमत करून घेतली होती. पण तिच्यावर कलम लावायची हिंमत कुणाची झाली नव्हती.

"चण्याची डाळ, गूळ, वेलदोडा आणि घरचं तूप," राजलक्ष्मी म्हणाली. "ह्यांत हानिकारक कोठलं? सांग की! त्या ठाण्यातल्या लोकांनी जन्मात कधी धड पोळी खाल्ली आहे काय?"

"मोठीआई, ठाण्यात हे बोलू नकोस."

"म्हणजे ठाण्यात जावं लागणार?"

"नाही गं. बाईमाणसाचा जबाब घरीच येऊन घेतात. सबइन्स्पेक्टर कविता येतेय चार वाजता." नंदितानं कागद गुडघ्यावर सरळ केला. ती वकील होती. तंजावूरच्या कोर्टात तिनं आजवर भाडेकरू, घटस्फोट आणि एक चोरीला गेलेली मोपेड एवढ्यांची वकिली केली होती. बैल पहिलाच. "दोन कलमं आहेत. एक प्राण्यांना क्रूरपणे वागवू नये त्या कायद्याचं, साठ सालचं. त्यात पहिल्या गुन्ह्याला दंड पन्नास रुपये."

"पन्नास!" प्रतापसिंह आरामखुर्चीतून अर्धे उठले. राजलक्ष्मीचा नवरा तहसीलदार म्हणून निवृत्त झाला होता, आणि अजून आपण कचेरीतच आहोत असं समजून बोलायचा. "सर्जेरावांच्या घरातून गुन्हा होतो, आणि सरकार त्याला पन्नास रुपये लावतं? काय समजतात हे आम्हाला?" पुढचं वाक्य एका लांबलचक ढेकरेत बुडालं. तीन दिवस झाले, त्यांचं पोट फुगून होतं. शेजारी ओव्याच्या पाण्याचा टंबलर होता आणि दर दोन वाक्यांनी त्यांचा हात तिकडे जात होता.

"दुसरं कलम ऐका, मोठेअप्पा. जनावराला विष घालून निकामी करणं. पाच वर्षांपर्यंत कैद."

फक्त पंखा बोलत होता, तो गेली दहा वर्षं बोलतच होता.

राजलक्ष्मीनं पदर सावरला आणि दाराकडे पाहिलं. दाराजवळच्या खुर्चीत, अगदी कडेला, उठून जायला सोपं पडावं अशी बसली होती तिची धाकटी जाऊ वासुकी. नंदिताची आई. नऊ वर्षांनी ती या घराचा उंबरठा ओलांडून आली होती. कशासाठी आली होती ते देवाला ठाऊक. राजलक्ष्मीला वाटत होतं, बघायला. नऊ वर्षांपूर्वी सासूबाई गेल्या, भावाभावांनी भिंत घालून दोन घरं केली, जमीन वाटली, भांडी वाटली, देवसुद्धा वाटून घेतले आणि कुणी हुं की चूं केलं नाही. भांडण झालं ते पुरणयंत्रावरून. सासूबाईंचं पितळी पुरणयंत्र वासुकीच्या वाट्याला गेलं. तेव्हापासून वासुकी साऱ्या पै-पाहुण्यांत सांगत आली होती, की अक्काचं पुरण आता मिक्सरचं, त्यात कणी राहते. आणि राजलक्ष्मी सांगत आली होती, की यंत्रानं पुरण वाटता येतं, हात कोठून आणणार.

वासुकीच्या पलीकडे तिचा नवरा रघुराम बसला होता. तो बँकेत होता तेव्हाही फार बोलायचा नाही, आता तर काहीही विचारलं तरी "सेरि", म्हणजे "बरं", एवढंच म्हणायचा. आणि दोन्ही जावांच्या बरोब्बर मध्ये, सोफ्यावर पाय घेऊन बसली होती नणंद शांभवी. ती भूगोलाची मास्तरीण होती. लग्न केलं नाही, आणि भिंतीच्या वरच्या माडीवर दोन्ही घरांच्या डोक्यावर राहत होती. दुपारचं जेवण इकडे, रात्रीचं तिकडे, आणि इकडचं तिकडे सांगणं चोवीस तास.

"ह्याचा पासपोर्टशी काय संबंध?" राजलक्ष्मीनं विचारलं. तिला एवढंच विचारायचं होतं. कैदेचं तिला खरं वाटतच नव्हतं.

नंदितानं कागदाची घडी घातली. "तुझा पासपोर्ट नवा करायला टाकलाय. त्याच्या चौकशीचा कागद ह्याच ठाण्यात पडून आहे. आता ते त्यावर लिहिणार, गुन्हा दाखल. कोर्टात खटला उभा राहिला तर कोर्टाची परवानगी आणा म्हणणार. मिळते परवानगी. पण वेळ लागतो, मोठीआई."

"वेळ कोठे आहे?" राजलक्ष्मी म्हणाली.

वेळ नव्हताच. लक्ष्मीप्रिया मेलबर्नला होती, लग्नाला पंधरा वर्षं झाली होती, आणि आता एकोणचाळिसाव्या वर्षी तिचे दिवस भरत आले होते. आधी दोन वेळा दिवस राहून गेले होते. या वेळी तिनं सहा महिने आईलाही सांगितलं नव्हतं, आणि सांगितलं तेव्हा पहिलं वाक्य होतं, "अम्मा, तू येशील ना?" राजलक्ष्मीनं डिंकाचे लाडू करून ठेवले होते. बाळंतविड्याच्या दुपट्यांना वास लागू नये म्हणून त्यांत लवंगा घातल्या होत्या. फक्त पासपोर्ट यायचा होता.

आणि मध्येच हा बैल आला.

तंजावूरात जनावरांचा सण म्हणजे माट्टु पोंगल, जानेवारीत. सगळं गाव तो करतं, सर्जेरावही करतात. पण सर्जेराव श्रावणातल्या अमावास्येला पोळाही करतात, कारण त्यांचे कुणी खापरपणजोबा महाराष्ट्रातून इकडे येताना तो बरोबर घेऊन आले होते. घरचे बैल ट्रॅक्टर आला तेव्हा विकले गेले. बैल गेले, पोळा राहिला. काही वर्षं मातीच्या बैलावर भागलं. मग समोरच्या शिवकुमारनं जल्लीकट्टूसाठी करुप्पन नावाचा काळाकभिन्न बैल आणून गल्लीच्या तोंडाशी बांधला, तेव्हा सर्जेरावांच्या सुनांना देव पावल्यासारखं झालं. शिवकुमारचं दुधाचं दुकान होतं आणि बैल म्हणजे त्याचा जीव की प्राण. माणसं अंगावर घेऊन पळायचा बैल, पण राजलक्ष्मीच्या हातची पोळी खाताना वासरागत डोळे मिटायचा.

रीत अशी, की उजाडायच्या आत घरच्या बाईनं नैवेद्य घेऊन जायचं आणि बैलाला पहिला घास द्यायचा. पहिला घास ज्या बाईचा, तिच्या घराला वर्षाचा मान. सासूबाई असेपर्यंत हा मान त्यांचा होता. नंतर तो कुणाचा हे कुणी ठरवलंच नव्हतं, कारण ठरवायला एकमेकींशी बोलावं लागलं असतं. राजलक्ष्मीनं तो थोरली म्हणून आपला धरला होता.

त्या दिवशी पहाटे ती हिरवं लुगडं नेसून, तांबाळात, म्हणजे मोठ्या ताटात, पोळ्या घेऊन गेली. दुपारी करुप्पन गल्लीत आडवा झाला. पोट नगाऱ्यासारखं, तोंडाला फेस, डोळे पांढरे. जनावरांचा डॉक्टर आला, नळी घातली, तेल पाजलं, आंबूस घाण बाहेर काढली आणि त्यातली बाटलीभर तपासणीला पाठवली. शिवकुमार रस्त्यावर बसून लहान पोरासारखा रडला. जानेवारीत बैल मैदानात उतरायचा होता, कुणीतरी वैऱ्यानं विष घातलं असं तो म्हणाला, आणि ठाण्यात गेला. खांबावरच्या कॅमेऱ्यात एकच बाई सापडली. हिरवं लुगडं, हातात तांबाळ. तिचा चेहरा दिसत नव्हता, बैलाचा मागचा भाग तेवढा दिसत होता. पण अख्ख्या गल्लीत पहाटे हिरवं रेशीम नेसून बैलाला भेटायला जाणारी बाई दुसरी कोण असणार?

"तोच बैल मैदानात सोडतात, शंभर माणसं त्याच्या वशिंडाला लोंबकळतात, तेव्हा कायदा नाही," प्रतापसिंह म्हणाले. "अन् पोळी घातली की कायदा."

"आणि रविवारी आपण मटण खातो, त्यालाही नाही," नंदिता म्हणाली. "खायला परवानगी आहे, मोठेअप्पा. खाऊ घालायला नाही."

"हसू येतंय काय तुजला?"

"हसू नको तर काय करू? शिवकुमार अण्णा कालपर्यंत पोळी मागून न्यायचे. आज विष म्हणतात. त्यांनी मनावर घेतलं तर कोर्टात तडजोड होऊ शकते, बैलाचे मालक ते. पण ते दारातसुद्धा उभं करत नाहीत."

प्रतापसिंहांनी ओव्याच्या पाण्याचा घोट घेतला आणि आवाज खाली आणला. चाळीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी जे काही शिकून घेतलं होतं ते असा आवाज खाली आला की बाहेर यायचं. "मी काय म्हणतो. कॅमेऱ्यात चेहरा नाही. खरें की नाही? मग ती राजलक्ष्मीच कशावरून? शेषम्मा असेल."

शेषम्मा स्वयंपाकाला होती. आज ती बहिणीकडे पापनाशमला गेली होती, त्यामुळे तिचं नाव घेणं सोपं होतं.

"शेषम्मा हिरवं रेशमी लुगडं नेसते?" नंदितानं विचारलं.

"जुनं दिलेलं असेल. मालकिणीनं दिलं, तिनं नेसलं. तिच्या हातून चूक जाहली. गरीब बाई, कोर्ट तिजला काय करणार? पन्नास रुपये आपण भरूं."

"आणि पाच वर्षं?"

"ती कोण देतो! गरिबाला कोण पाच वर्षं ठेवतं? खायला घालावं लागतं."

"सेरि," रघुराम म्हणाला.

"तसं बघितलं तर," शांभवी हळूच म्हणाली, "शेषम्माचं कोठे बाहेर जायचं काही नाही. पासपोर्ट तिजला नाहीच."

वासुकी काही बोलली नाही. पण नाहीही म्हणाली नाही. नऊ वर्षांत सर्जेरावांची दोन्ही घरं पहिल्यांदा एका मताची झाली होती, आणि ती स्वयंपाकिणीला तुरुंगात पाठवायला.

राजलक्ष्मीला शरम वाटायला हवी होती. ती वाटली, पण थोड्या उशिरानं. आधी तिला लवंगा घातलेली दुपटी दिसली. शेषम्मा ऐकेल. पायावर हात ठेवला तर नक्की ऐकेल. राजलक्ष्मीच्या मनात हे सगळं एवढ्या सरळपणे आलं की तिला स्वतःचीच भीती वाटली.

"नको," ती म्हणाली. "त्या बाईनं माझ्या लेकीला न्हाऊ घातलंय."

"मग काय करतीस? पाळण्याची दोरी येथूनच ओढशील?" प्रतापसिंह चिडले. "नाही तर सांग, त्यानं पोळी खाल्लीच नाही म्हणून!"

राजलक्ष्मीनं पटकन दुसरीकडे पाहिलं.

कारण तेच खरं होतं. करुप्पननं तिच्या पोळीला तोंड लावलं नव्हतं. तिनं पहिली पोळी पुढे केली, त्यानं हुंगली, आणि मान फिरवली. तिनं तूप लावून पुन्हा पुढे केली. त्यानं फुर्रकन श्वास सोडला आणि तिच्याकडे पाठ केली. राजलक्ष्मी त्या अंधारात त्याला "राजा, एक घास, एकच घास" म्हणून विनवत राहिली, आणि तो भिंतीकडे बघत राहिला. मग तिनं पोळ्या केळीच्या पानाखाली झाकून परत आणल्या. शांभवी जिन्यात भेटली तर तिला म्हणाली, "तांबाळ चाटून पुसून खाल्लं गं त्यानं." ते अर्ध्या तासात वासुकीकडे पोचणार हे तिला ठाऊक होतं. पोचावं म्हणूनच सांगितलं.

खोटं बोलायला पुरणाची कणी हे एक कारण झालं. वासुकीला कळलं असतं तर पुढची नऊ वर्षं तिला दुसरा विषय लागला नसता. पण ते तरी राजलक्ष्मीनं गिळलं असतं. खरं कारण दुसरंच होतं आणि ते ती उच्चारू शकत नव्हती. सासूबाई म्हणायच्या, पोळ्याच्या दिवशी बैलानं ज्या घराचा नैवेद्य नाकारला, त्या घरचा पाळणा हलत नाही. सासूबाई पुष्कळ काही म्हणायच्या, त्यातल्या निम्म्यावर राजलक्ष्मी आयुष्यभर हसली होती. ह्यावर तिला हसू येत नव्हतं. दोन वेळा गेलेलं तिला आठवत होतं. बैलानं पाठ फिरवली हे तोंडानं बोललं की ते खरं होईल, असं तिला वाटत होतं. त्यापेक्षा आरोपी झालेलं बरं. खाल्लं, विषबाधा झाली, मी गुन्हेगार; पण खाल्लं.

"खाल्लं त्यानं," ती म्हणाली. "सगळं खाल्लं."

तेवढ्यात बाहेर बुलेट थांबल्याचा आवाज आला.

सबइन्स्पेक्टर कविता तिशीची, सडपातळ, आणि दिवसभर उन्हात हिंडून वैतागलेली होती. आत आली, टोपी काढली, खुर्चीवर बसली, आणि नंदितानं दिलेली कॉफी एका घोटात संपवली. तिच्या मागून शिवकुमारही आला होता. डोळे सुजलेले, दाढी वाढलेली. तो आत आला नाही, दाराच्या चौकटीत उभा राहिला.

"बैल कसा आहे?" राजलक्ष्मीनं तमिळमध्ये विचारलं.

शिवकुमारनं तोंड फिरवलं. उत्तर कवितानं दिलं. "उभा राहिलाय. रवंथ नाही करत अजून. बसा, पाट्टी. घाबरू नका. त्या पहाटे काय झालं ते सांगा, मी लिहिते, मग वाचून दाखवते."

आजी म्हणून बोलावल्यावर राजलक्ष्मी बसली. नंदितानं तिच्या खांद्यावर हात ठेवला. आणि मग, भीती वाटली की माणूस आपल्याला जे येतं तेच करत बसतो तसं, राजलक्ष्मी आपली थोरवी सांगत बसली.

"आमच्या घरची रीत आहे ही, अम्मा. आज कुणी पाळत नाही. मी पाळते. बाकीच्यांना सवड नाही, श्रद्धा नाही. पण पहिला घास गेली नऊ वर्षं माझाच. त्या दिवशीही उजाडायच्या आत मी गेले. माझ्या आधी बैलाला कुणी हात लावला नव्हता—"

"खोटं!"

खुर्ची मागे पडली. वासुकी उभी होती.

"आई," नंदिता म्हणाली. "आई, खाली बस."

"का म्हणून बसू? तीन दिवस ऐकतेय! मी गेले, मी पहिली, तांबाळ चाटून पुसून खाल्लं!" वासुकी हे तमिळमध्ये बोलत होती, सरकारदरबारी नोंद व्हावी म्हणून. "लिहा हो, मॅडम. ही गेली तेव्हा तो माझ्या पोळ्या खाऊन ढेकरा देत होता. मागच्या बोळानं गेले मी, म्हणून तुमच्या कॅमेऱ्यात नाही. टोपलीभर! पितळी यंत्रातलं पुरण, रेशमासारखं. मान फिरवली नाही त्यानं एकदासुद्धा. गेली नऊ वर्षं पहिला घास माझा आहे, आणि हिला वाटतं हिचा!"

"आई, हा कबुलीजबाब आहे!"

"असेना का! खरा आहे तो!"

"दरवर्षी?" शिवकुमार चौकटीतून म्हणाला. "दरवर्षी दोघी घालत होता?"

"आणि ह्या वर्षी जास्त घातल्या," वासुकी म्हणाली. "लक्ष्मीप्रियाचं कळलं म्हणून." हे म्हणून ती एकदम थांबली, आणि पडलेल्या खुर्चीकडे बघू लागली.

सोफ्यावर शांभवीनं पाय खाली सोडले होते. तिचा चेहरा नकाशात गाव न सापडलेल्या मुलीसारखा झाला होता. "म्हणजे," ती बारीक आवाजात म्हणाली, "तुम्ही दोघीही घालत होता?"

सगळे तिच्याकडे वळले.

"त्या पहाटे जिन्यात कळेपर्यंत मला वाटलं कुणीच घालत नाही. तुम्ही भांडलेल्या. अम्माची रीत बुडू नये, म्हणून मी... मला पोळ्या कोठे येतात? मी पायसम केलं. तांदळाचं. मीही मागच्या बोळानंच गेले, रात्री तीनला, म्हणजे त्यानं वासुकीच्याही आधी खाल्लं."

"किती?" कवितानं विचारलं.

"तपेलं."

"केवढं तपेलं?"

शांभवीनं दोन्ही हात पसरून दाखवलं. शिवकुमारनं कपाळावर हात मारला. "तांदूळ आणि गूळ! डॉक्टर तेच म्हणत होते, अम्मा, ह्याच्या पोटात अख्खी लग्नाची पंगत आहे. मी म्हटलं, विष आहे, तुम्हाला कळत नाही!"

कवितानं पेन खाली ठेवलं. ती एकेकीकडे बघत होती. "म्हणजे आधी ह्यांचं पायसम. मग ह्यांच्या पोळ्या. आणि मग पाट्टीच्या पोळ्या. एकाच बैलाला. एकमेकींना न सांगता."

"आम्ही बोलत नाही," वासुकी म्हणाली, जणू त्यावर आणखी काही सांगायची गरजच नव्हती.

"मग आरोपी नंबर एक कोण लिहू?"

"मला एक नको गं," शांभवी घाईघाईनं म्हणाली. "मला दोन चालेल."

"मग एक माझा," वासुकी म्हणाली. नंदिता सोफ्यावर बसली आणि तिनं चेहरा दोन्ही हातांत घेतला.

राजलक्ष्मीला हे सगळं लांबून ऐकू येत होतं. तिच्या डोक्यात एकच गोष्ट हळूहळू, रवंथ केल्यासारखी फिरत होती. तपेलंभर पायसम. टोपलीभर पोळ्या. आणि मग ती. त्याला जागाच नव्हती. त्यानं घर नाकारलं नव्हतं, नैवेद्य नाकारला नव्हता, त्या मुक्या जनावराचं पोट भरलं होतं. घास गेला होता. तिच्या हातून नाही, पण ह्याच घरातून गेला होता, आणि तो लक्ष्मीप्रियाच्या नावानं, जास्तच गेला होता.

ती हसू लागली. मग रडू लागली. मग दोन्ही एकदम होऊ लागलं आणि तिला ते आवरेना.

"त्यानं माझी पोळी खाल्लीच नाही!" ती म्हणाली. "नाही खाल्ली! पाठ फिरवली त्यानं माझ्याकडे! एक घाससुद्धा नाही खाल्ला!"

"अगं, आता का असं बोलतीस?" प्रतापसिंह मराठीत कुजबुजले. "तूच म्हणालीस, सगळं खाल्लं."

"खोटं बोलले!"

"पाट्टी," कविता सावधपणे म्हणाली, "तुम्ही घाबरून सांगताय का? खाल्ल्या नाहीत, तर त्या पोळ्या गेल्या कुठे?"

राजलक्ष्मीनं डोळे पुसले आणि आरामखुर्चीकडे बोट केलं.

सगळ्यांनी तिकडे पाहिलं. प्रतापसिंहांचा हात टंबलरकडे जाता जाता अडकला. "प्रसाद म्हणून दिल्या हिनं," ते म्हणाले. "मज काय ठाऊक?" आणि त्यांना ढेकर आली, ती ते आवरायला गेले म्हणून आणखीच मोठी आली.

पहिला हसला तो शिवकुमार. तीन दिवस रडलेला माणूस चौकटीला टेकून हसला आणि हसता हसता खाली बसला. "ह्यांना नळी घालायला हवी," तो म्हणाला. मग तोंड पुसून म्हणाला, "माझ्या बैलाला असं पुन्हा करणार असाल, तर मी मागे घेणार नाही. सांगून ठेवतो. पाच वर्षं आत बसा तिघी. त्याला काही झालं असतं तर मी काय केलं असतं?"

ह्यावर कुणी हसलं नाही. "पुढच्या वर्षी एकच पोळी," राजलक्ष्मी म्हणाली. "डॉक्टरला विचारून. अण्णा, तुझ्या हातानं दे, हवं तर." शिवकुमार उठून गेला नाही, चौकटीतच बसून राहिला.

कवितानं कागद पुढे ओढला. "केस मी आत्ता इथं मिटवू शकत नाही. तपासणीचा अहवाल येईल. मग विष नव्हतं हे कोर्ट बघेल, मालक बघतील. पण पाट्टी, बैलानं तुमचं खाल्लंच नाही असा जबाब असेल, तर तुम्ही आरोपी राहत नाही. साक्षीदार होता. पासपोर्टचा कागद मग मी अडवणार नाही." ती थांबली. "मात्र आधी कुणी घातलं, ते तुमच्याच साक्षीत येईल."

राजलक्ष्मीनं वासुकीकडे पाहिलं. नऊ वर्षं जिच्याविरुद्ध बोलायला तिला कधी शब्द कमी पडले नव्हते, तिच्याविरुद्ध आता सरकारी कागदावर बोलायचं होतं, आणि तिची जीभ उचलेना.

"नको," ती म्हणाली. "मी आरोपीच बरी. तिघी मिळून बघू काय ते."

वासुकी तिच्यापाशी आली. पडलेली खुर्ची तिनं वाटेत उचलून सरळ केली. मग मराठीत, फक्त तिलाच ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाली, "अक्का, वेड्यासारखं करू नकोस. लेकीला आई हवी. कोर्टात उभी राहायला मी आहे, वकीलही घरचीच आहे. आणि ऐक. त्यानं पाठ फिरवली म्हणून रात्र रात्र जागलीस ना? माझ्याही कानावर सासूबाईंचं तेच पडलंय. पोट भरलं होतं गं त्याचं. पाळणा हलेल."

राजलक्ष्मीनं तिचा हात धरला. तो हात नऊ वर्षांत जाड झाला होता, आणि त्याला वेलदोड्याचा वास येत होता.

"पण एक," वासुकी सरळ होत म्हणाली, आणि आता तमिळमध्ये, सगळ्या हॉलला ऐकू जाईल अशी. "मॅडम, जबाब तुम्ही वाचून दाखवणार म्हणालात. तसं नको. ही तोंडानं सांगेल. मोठ्यानं."

कवितानं पेन उचललं. "सांगा, पाट्टी."

राजलक्ष्मीनं पदर नीट केला. "त्या पहाटे," ती म्हणाली, "बैलानं माझी पोळी खाल्ली नाही. त्यानं आधीच माझ्या जावेची पोळी खाल्ली होती."

"कोणत्या पुरणाची?" वासुकीनं विचारलं.

राजलक्ष्मीनं दात आवळले. मग तिला लवंगांचा वास आठवला.

"पितळी यंत्रातल्या पुरणाची," ती म्हणाली. "रेशमासारख्या."

"पुन्हा एकदा," वासुकी म्हणाली. "माझ्या यजमानांना ऐकू नाही आलं."

"सेरि," रघुराम म्हणाला.

आणि राजलक्ष्मीनं पुन्हा सांगितलं, आधीपेक्षा मोठ्यानं.